वहिनीचे दोऱ्याचे पक्षी

माझी वहिनी रफू करते. तिची ओळख करून देताना मी हे वाक्य सगळ्यात आधी उरकून टाकते, म्हणजे ऐकणाऱ्याच्या अपेक्षा बेताच्या राहतात. तिची पक्ष्यांबद्दलची कीर्ती पुढे त्यांच्या कानावर जायची ती जातेच, पण निदान सुरुवात तरी माझ्या हातात असते. हे वागणं चांगलं नाही. मला कळतं ते. एकतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलंय मी, चांगलं-वाईट कळत नाही अशातला भाग नाही.

पोस्टाच्या मागच्या गल्लीत कपडे ड्रायक्लीन करून देणारं एक दुकान आहे. त्याच्या दर्शनी काचेपाशी वहिनीचं टेबल. सव्वीस वर्षं ती तिथे बसते आहे. कोटाला सिगारेटनं पडलेलं भोक, कसरीनं खाल्लेली शाल, खुर्चीच्या खिळ्याला अडकून फाटलेली पॅंट, असं सगळं तिच्यापुढे येतं. ती त्याच कपड्याच्या आत दुमडलेल्या पट्टीतून चार-सहा दोरे सोडवून घेते आणि त्यांनीच भोक विणून बुजवते. आत कापड शिल्लक नसेल तर मग तिचा डबा निघतो. बिस्किटांचा गोल पत्र्याचा डबा, त्यात दोनशेच्या वर दोरे. रिळांवरचे नंबर ती बघतसुद्धा नाही. रंगांची नावं तिची स्वतःची: पावाची कड, जुनं पितळ, ओलं पोतं, वाळकं शेवाळ, उंदीर, म्हातारा उंदीर. 'जरा म्हातारा उंदीर द्या हो,' असं ती पलीकडच्या इस्त्रीवाल्याला सांगते आणि तो मान वर न करता बरोबर तेच रीळ तिच्या हातात ठेवतो.

रंग जुळवायचा असला की ती दिवा लावत नाही. दिव्याखाली दोरा खोटं बोलतो, असं तिचं म्हणणं. कपडा आणि दोरा घेऊन ती दुकानाच्या पायरीवर येते. दोन्हीकडे बघते, मग समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे नुसतीच बघत राहते, आणि मग एकदम परत कपड्याकडे. भिंतीकडे बघण्यानं डोळा धुऊन निघतो म्हणे. एकदा एक गिऱ्हाईक कोट परत घेऊन आलं, काम केलंच नाही म्हणून भांडायला. भोक कुठे होतं ते त्यालाही सापडेना. शेवटी वहिनीनं नखानं चाचपून जागा दाखवली तेव्हा तो कोट घेऊन निघून गेला. ही गोष्ट दादा प्रत्येक पाहुण्याला सांगतो. मला ती तोंडपाठ आहे आणि नखाशी पोचेपर्यंत माझं डोकं दुखायला लागतं.

दादा माझा सख्खा भाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातून निवृत्त झाला. मी लग्न केलं नाही. त्याची कारणं लांबलचक आणि कंटाळवाणी आहेत. दादाच्याच घरात मागची खोली माझी आहे, तिला वेगळं दार आहे, चूल मात्र त्यांच्याबरोबरच. वहिनी माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण नात्यानं मोठी. ती मला वन्सं म्हणते, मी तिला वहिनी, आणि दोघी एकमेकींना अहो-जाहो करतो. तिचं बोलणं मोजकं. त्या मोजक्या बोलण्यातसुद्धा 'असेल' हा शब्द निम्मी जागा खातो. तुम्ही काहीही सांगा, ती ऐकून घेते आणि म्हणते, असेल. वाद घालायची सोयच नाही.

आता पक्षी. तो माझा प्रांत होता.

एकोणीस वर्षांपूर्वी मी गावच्या सार्वजनिक बागेत रविवारी सकाळी पक्षी मोजायला सुरुवात केली. आधी मी आणि दादा दोघंच. हळूहळू सात-आठ जण जमायला लागले. त्यांत दातांचे डॉक्टर अगदी नेमानं येणारे. सगळे मला पक्षीबाई म्हणायचे. मी दुर्बिणीतून बघून नाव सांगायची, दादा रजिस्टरमध्ये लिहायचा. दर शनिवारी संध्याकाळी तो लाल पेन्सिल आणि पट्टी घेऊन बसायचा आणि दुसऱ्या दिवसाचं पान माझ्यासाठी आखून ठेवायचा. त्या रेघा मला फार आवडायच्या. आयुष्यात माझ्यासाठी दर आठवड्याला न चुकता काहीतरी करणारा तो एकच माणूस.

मोठे पक्षी ओळखणं सोपं असतं, त्यात काही मर्दुमकी नाही. खरी परीक्षा असते ती लहान, मळकट, एकसारख्या दिसणाऱ्या पाखरांची. थंडीत आमच्या बागेत वटवट्ये येतात. अंगठ्याएवढा जीव, पाठ तपकिरी म्हणावी तर हिरवट, हिरवट म्हणावी तर तपकिरी, पोट धुऊन-धुऊन विटलेल्या बनियनसारखं, डोळ्यावर एक फिकट भुवई. क्षणभर स्थिर राहील तर शपथ. पुस्तकात अशा पाखरांची पानंच्या पानं असतात आणि सगळी चित्रं एकाच साच्यातून काढल्यासारखी वाटतात. मी पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं की आमच्या बागेत येतो तो वटवट्या एकाच जातीचा. तेव्हापासून दर हिवाळ्यात तसंच लिहिलं गेलं: वटवट्या सात, वटवट्या पाच, वटवट्या नऊ.

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी दादाला ताप होता. रजिस्टर धरायला कोणी नाही म्हणून वहिनी आली. मीच म्हटलं होतं, चला. स्वतःच्या हातानं दार उघडून दिलं मी.

बागेच्या कोपऱ्यात एक गळका नळ आहे. त्याच्याखाली डबकं साचतं आणि पाखरं अंघोळीला येतात. तिथे उभ्या असताना वहिनी हळूच म्हणाली, "वन्सं, हे दोन वेगळे आहेत."

"कोणते?"

"आत्ता नळाखाली होता तो, आणि मघाशी कुंपणावर होता तो."

"दोन्ही वटवट्येच आहेत, वहिनी."

"पाठ वेगळी आहे. नळाजवळच्याची ओलं पोतं, कुंपणावरच्याची वाळकं शेवाळ."

दातांचे डॉक्टर हसले. मीही हसले, पण शिक्षिकेसारखी, म्हणजे समजूत घालत. म्हटलं, "ऊन-सावलीचा फरक असतो. नवीन माणसाला तसं वाटतं."

"असेल," ती म्हणाली आणि मी सांगितलं तसं लिहिलं. वटवट्या, सात.

पुढच्या रविवारी दादा बरा होऊन आला, आणि त्याच्याबरोबर तीही आली. तिच्या पिशवीत पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या होत्या. नव्या शर्टाच्या घडीत जो पुठ्ठा घालतात ना, त्याच्या कापलेल्या, बोटभर रुंद. कडेला कात्रीनं खाचा पाडलेल्या आणि प्रत्येक खाचेत एकेका रंगाचा दोरा गुंडाळलेला. वरून खाली डोकं, भुवई, पाठ, पंख, पोट, पाय. सहा दोरे म्हणजे एक पक्षी. मागच्या बाजूला पेन्सिलीनं एकीवर लिहिलं होतं 'नळाजवळचा' आणि दुसरीवर 'कुंपणावरचा'.

मंडळींनी त्या पट्ट्या हातोहात फिरवल्या. मी दुर्बिणीची काच पुसत उभी राहिले. काच आधीच स्वच्छ होती.

मग अशी कार्डं वाढतच गेली. वहिनी बागेत यायची, पाखराकडे बघायची, मग माळ्याच्या खोलीच्या पांढऱ्या भिंतीकडे बघायची, परत पाखराकडे, आणि घरी जाऊन डबा उघडायची. नावं तिला येत नव्हती. ती माझ्याकडे कार्ड घेऊन यायची, "वन्सं, याला काय म्हणतात?" मी पुस्तक काढायची आणि सांगायची. पहिल्या-पहिल्यांदा बरं वाटायचं. मग लक्षात आलं की मी आधी ज्याला एक म्हणत होते त्याची कार्डं तिच्याकडे कधीकधी दोन असतात, नर आणि मादी, किंवा यंदाचं पिल्लू आणि जुना पक्षी. पुस्तकात बघितलं की ते खरंही निघायचं. मी 'बरोबर' म्हणायची आणि आतून माझा जळफळाट व्हायचा. उगाच सभ्य शब्द कशाला वापरू? मला तिचा हेवा वाटत होता. सकाळी उठल्यावर वाटायचा, रात्री झोपताना वाटायचा, आणि मधल्या वेळात ती आमटी वाढायला आली की तिच्या वाढणाऱ्या हाताकडे बघून वाटायचा.

मी क्षुद्रपणा पुष्कळ केला. एकदा तिला जमण्याची वेळ अर्धा तास उशिराची सांगितली. ती तशीही पहाटे उठणारी, सगळ्यांच्या आधी बागेत हजर. एकदा तिला मुद्दाम जुनी दुर्बीण दिली, जिच्या दोन नळ्या दोन दिशांना बघतात. तिनं डोळ्याला लावली, परत दिली आणि म्हणाली, "याच्यातून दोन दिसतात हो, मी अशीच बघते." आणि अशीच बघून तिनं डाळिंबाच्या झाडातली शिंजीर पक्ष्याची मादी ओळखली. मंडळीही तिला वहिनी म्हणायला लागली. माझी वहिनी अख्ख्या बागेची वहिनी झाली. पूर्वी दातांचे डॉक्टर काही शंका आली की माझ्याकडे वळायचे. आता मानेला झटका देऊन माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायचे. मी मध्ये उभी आहे हे त्यांच्या ध्यानातसुद्धा यायचं नाही.

पण हे सगळं मी गिळलं असतं. मला खरं लागलं ते वेगळंच. एका शनिवारी संध्याकाळी मी रजिस्टर उघडलं तर पान कोरं. बाहेर गेले. दादा जेवणाच्या टेबलापाशी कात्री घेऊन बसला होता आणि पुठ्ठ्याला खाचा पाडत होता. शेजारी वहिनी दोरा गुंडाळत होती. मला बघून दादा म्हणाला, "अगं हो, रेघा राहिल्याच. आखतो हं." मी म्हटलं, राहू दे, मला येतात आखता. आखल्या. वाकड्या आल्या. त्या वाकड्या रेघांत मी त्या रविवारची नोंद केली आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत राहिला.

यंदाच्या थंडीत पत्र आलं. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारी एक संस्था आहे, तिला मी दर वर्षी यादी पाठवते. त्यांनी कळवलं की बागेच्या फाटकाशी एक मोठी पाटी लावायची ठरली आहे. बागेतले पक्षी, त्यांची चित्रं, आणि खाली 'नोंद आणि संकलन' म्हणून माझं नाव. तत्पूर्वी त्यांचे एक सर येऊन यादी तपासून जाणार होते.

मी ते पत्र तीन वेळा वाचलं. मला ती पाटी हवी होती. मूलबाळ नाही, पुस्तक लिहिलं नाही, शाळेतल्या एकतीस तुकड्यांना माझं फक्त टोपणनाव आठवतं आणि तेही फारसं चांगलं नाही. फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असं माझं नाव, पत्र्यावर, पक्क्या रंगानं. त्याच्या वर सत्तेचाळीस पक्षी. यादी मी त्याच दुपारी सुवाच्य अक्षरात उतरवून काढली.

जेवताना दादा म्हणाला, "अठ्ठेचाळीस लिहायला हवेत गं."

"कसे काय?"

"वटवट्ये दोन आहेत ना. हिची कार्डं आहेत की."

"दोऱ्यावरून जात ठरत नाही, दादा."

"मग कशावरून ठरते?"

"अभ्यासावरून. एकोणीस वर्षं बघतेय मी ते पाखरू."

वहिनी म्हणाली, "जाऊ द्या ना. वन्सं म्हणतात तसं असेल."

"असेल कसं?" दादा तिच्यावरच घसरला. "तुला दोन दिसतात की एक?"

"दोन," ती म्हणाली.

"मग सरांनाच विचारू," दादा म्हणाला आणि भाताला हात घातला. त्याच्या दृष्टीनं विषय संपला. दोन निघाले तर नुसता एक आकडा वाढणार नव्हता. एकोणीस हिवाळ्यांत मी जिथे-जिथे 'वटवट्या सात' लिहिलं ते सगळं चुकीचं ठरणार होतं, आणि ते चूक आहे हे बागेत आल्याच्या पहिल्याच दिवशी पकडलं होतं एका रफू करणाऱ्या बाईनं, जिला त्याचं नावही माहीत नव्हतं. पाटीवर मग कोणाचं नाव यायला हवं होतं? मला उत्तर माहीत होतं.

सर रविवारी येणार होते. शनिवारी दुपारी वहिनी दुकानात होती, दादा केस कापायला गेला होता. कार्डांचं पाकीट त्यांच्या खोलीत कपाटाच्या खालच्या खणात असतं. मी ते उघडलं. नळाजवळचा आणि कुंपणावरचा, दोन्ही कार्डं काढून पलंगावर ठेवली. बाकीचे पाच-पाच दोरे दोन्हीवर जवळजवळ सारखेच होते. फरक म्हणून जो काही होता तो तिसऱ्या खाचेत, पाठीच्या दोऱ्यात. मी ठरवलं होतं की हे दोन दोरे एकमेकांच्या जागी गुंडाळायचे. सर कार्ड हातात घेतील, पाखराशी ताडून बघतील, काही जुळणार नाही, आणि घरगुती करमणूक म्हणून सोडून देतील.

वहिनीच्या लक्षात येईल अशी भीती वाटली नाही का? नाही वाटली. खरं सांगायचं तर तिला तो फरक दिसतो यावर माझा आतून विश्वासच नव्हता. मला दिसत नव्हता, तर तिला कसा दिसेल? मला वाटायचं, ती उगाच भाव खाते.

दोन्ही दोरे सोडवले आणि पलंगाच्या चादरीवर ठेवले, नळाजवळच्याचा डावीकडे, कुंपणावरच्याचा उजवीकडे. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन वाजला. कोणीतरी चुकीचा नंबर लावला होता. परत येऊन बघते तर पंख्याच्या वाऱ्यानं दोन्ही दोरे एका जागी सरकून गुंतलेले. सोडवले. खिडकीशी नेऊन बघितले. भिंतीकडे बघून परत बघितले, हो, तेही करून पाहिलं. दोन तपकिरी दोरे, बस. पण एकतीस वर्षं मुलांसमोर उभी राहिलेली बाई मी, अडून राहणं माझ्या स्वभावात नाही. हा नळाजवळच्याचा, असं स्वतःला ठणकावून सांगितलं आणि तो कुंपणावरच्याच्या कार्डावर गुंडाळला. दुसरा दुसऱ्यावर. दोन्ही घट्ट, नीटनेटके, टोकं खाचेत दाबून. पाकीट जागच्या जागी ठेवलं. मग माझ्या खोलीत जाऊन बसले आणि मला घाम फुटला. पण कार्डं परत सरळ करावीत असं मात्र वाटलं नाही.

रविवारी सर आले. सडपातळ, तरुण, गळ्यात दुर्बीण आणि हातात आवाज टिपायचं यंत्र. माझ्याशी फार आदरानं बोलले. यादीतला एकेक पक्षी विचारत गेले, मी कुठे दिसतो ते दाखवत गेले. सकाळ छान चालली होती. मंडळी मागे, मी पुढे, कितीतरी महिन्यांनी. मला वाटलं, वटवट्याचा विषय निघालाच नाही तर किती बरं.

नळाशी पोचलो आणि दादा म्हणाला, "सर, इथे आमची एक शंका आहे." वहिनीकडे वळून म्हणाला, "दाखव की कार्डं."

वहिनीनं पिशवीतून पाकीट काढलं. दोन्ही कार्डं बाहेर काढली आणि ती थबकली. तिसऱ्या खाचेवरून तिनं अंगठा फिरवला, आधी एका कार्डाच्या, मग दुसऱ्याच्या. दोन्ही उजेडात धरली. आता ती मान वर करणार, माझ्याकडे बघणार, आणि सगळ्यांसमोर विचारणार.

तिनं मान वर केली आणि दोन्ही कार्डं माझ्या हातात दिली. "वन्सं, तुम्हीच सांगा सरांना. तुम्हाला नीट समजावून सांगता येतं."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. म्हणजे कळलंय हिला, आणि माझ्याच हातून माझा पाणउतारा करते आहे. सर हसून माझ्याकडे बघत होते. "काय फरक आहे म्हणता?"

तेवढ्यात डबक्याशी पाखरू उतरलं. अंग फुलवलं, पाणी उडवलं. "हा कोणता यातला?" सरांनी विचारलं.

मी दुर्बीण लावली. बागेतली सगळ्यात चांगली दुर्बीण, सकाळचं लख्ख ऊन, दहा पावलांवर पक्षी. पाठ तपकिरी. डाव्या हातातलं कार्ड तपकिरी. उजव्या हातातलंही तपकिरी. मी दोरे बदलले आहेत, तेव्हा कार्ड सांगतं त्याच्या उलट सांगायचं, एवढं सोपं होतं. पण वहिनीनं ते रात्रीच परत सरळ केले असतील तर? आणि केले आहेत की नाहीत हे बघून कळायला हवं होतं ना? मी बघत होते. कळत नव्हतं. पाखरू पंख झटकून कुंपणावर गेलं, की ते गेलं आणि दुसरं आलं, तेही कळलं नाही.

(पुढे महिन्याभरानं मी मुद्दाम डोळे तपासून आले. मोतीबिंदू निघावा म्हणून जवळजवळ प्रार्थना करत होते. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं नजर अगदी उत्तम आहे तुमची.)

"बाई?" सर म्हणाले.

"मला फरक दिसत नाही," मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू गेलं. दातांचे डॉक्टर बुटांकडे बघायला लागले. दादानं उगाचच रजिस्टर मिटून उघडलं.

"मला दाखवा," म्हणत वहिनी पुढे आली. "हा आत्ता आला तो नळाजवळचा. आणि तो बघा, डाव्या बाजूच्या खांबाशी, तो कुंपणावरचा." सरांनी यंत्र पुढे धरलं. थोडा वेळ थांबलो. नळाजवळचा टक्-टक् असा दगडावर दगड आपटल्यासारखा बोलला. खांबाशी होता तो चिवीत म्हणून एकदाच बारीक ओरडला. सरांनी यंत्रावरचे जुने आवाज लावून बघितले, पुस्तक काढलं, कार्डं हातात घेऊन पाखरांशी ताडून बघितली आणि वहिनीकडे असं बघितलं, जसं माझ्याकडे कोणीही कधी बघितलेलं नाही. "दोन वेगळ्या जाती आहेत," ते म्हणाले. "आवाजाशिवाय यांना वेगळं करणारी माणसं मी फार थोडी बघितली."

मग ते मला हळू आवाजात म्हणाले की जुन्या नोंदींत वटवट्या लिहिलंय तिथे 'जात निश्चित नाही' असा शेरा मारावा लागेल. एकोणीस हिवाळे. शेरा मीच मारायचा होता, माझ्या अक्षरात. आणि पाटीवर नावं दोन घालू या का, असं त्यांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत वहिनी म्हणाली, "छे हो. वन्संचंच घाला. मला नुसता रंग कळतो, बाकी सगळं त्यांचंच आहे."

तिनं मागितलं असतं तर मी भांडले असते. तिनं न मागता सोडून दिलं आणि मला ते ठेवून घ्यावं लागलं. एवढा राग मला आधी तिचा कधी आला नव्हता.

परत येताना दादा सरांबरोबर पुढे होता. आम्ही दोघी मागे. गल्लीत दुकानं उघडत होती. मी ठरवलं, आता हिनं तोंड उघडण्याआधी आपणच उघडावं. सांगून टाकावं, म्हणजे निदान एक गोष्ट तरी माझ्याकडून सरळ होईल. तेवढ्यात तीच म्हणाली, "वन्सं, काल कार्डं तुम्ही काढली होती का?"

"हो," मी म्हणाले.

"वाटलंच मला. तुमच्या दादांना तसं गुंडाळता येत नाही, ते ढगळ गुंडाळतात." ती चालत राहिली. "दोन्हीचे पाठीचे दोरे सैल झाले होते. सरांपुढे न्यायच्या आधी परत गुंडाळायचे म्हणत होते मी, पण दुकानात मान वर करायला वेळ नाही. मघाशी काढून बघते तर छान घट्ट बसलेले."

मी थांबले. "बरोबर होते का?"

"काय बरोबर?"

"दोरे. नळाजवळच्यावर ओलं पोतं, कुंपणावरच्यावर वाळकं शेवाळ. बरोबर कार्डांवर होते?"

"हो की," ती म्हणाली. तिला प्रश्नच कळला नाही. "नाहीतर सरांनी ताडून बघितलं तेव्हा जुळले कसे असते?"

म्हणजे मी एवढा कपाळाला घाम आणून, कपाट उघडून, दोन दोरे सोडवून, ज्याचा दोरा त्याच्याच कार्डावर परत गुंडाळून ठेवला होता. मला वाईटसुद्धा वागता आलं नव्हतं, कारण वाईट वागायलाही फरक दिसावा लागतो. मी तिच्या चेहऱ्याकडे बारकाईनं बघितलं. ती मला वाचवत असेल, असं वाटलं. पण नाही. तीस वर्षं एका घरात काढली आहेत, तिला खोटं बोलता येत नाही, आणि त्याचाही मला हेवा वाटतो.

"बरं केलंत हो, वन्सं," ती म्हणाली. "कोणी इतकं लक्ष ठेवून करत नाही."

"हो," मी म्हणाले. "फारच सैल झाले होते."